खटका गुरुवारीच का पडतो?

निगडी प्राधिकरणातल्या एखाद्या दुमजली घरात विजेची एक तक्रार वर्षानुवर्षं मुक्कामाला असते. आठवडाभर सगळं सुरळीत. गुरुवारी सकाळी मात्र ऐन आंघोळीच्या गर्दीत डीबीतला, म्हणजे विजेच्या वितरण पेटीतला, मोठा खटका खाली येतो. वर केला की दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि परत पडतो. शुक्रवारी वायरमन येतो, टेस्टर लावून पाहतो, दोन स्क्रू आवळतो आणि ‘काका, चालू झालं बघा’ म्हणून पैसे घेऊन जातो. खरंच चालू झालेलं असतं! पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. जून-जुलैत दुखणं बळावतं, एप्रिल-मेमध्ये नावालाही दिसत नाही. आजी ते साडेसातीच्या खात्यात टाकतात, नातू महावितरणच्या.

गुरुवारपुरतं दोघांचंही खरं वाटावं अशी परिस्थिती इथे आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक वसाहतींनी एकाच दिवशी यंत्रं बंद ठेवली तर विजेच्या मागणीत मोठा चढउतार होतो, म्हणून सुट्ट्यांचे वार वाटून दिले गेले आणि पुण्याच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. देखभालीसाठी वीज बंद ठेवायची तीही बहुधा गुरुवारीच. म्हणजे या शहरात गुरुवार हा विजेच्या दृष्टीनं खरोखरच वेगळा वार आहे. पण खटका पडण्याचं कारण ना शनीत आहे, ना सबस्टेशनात. ते गच्चीवरच्या टाकीत, बोटाएवढ्या जाडीच्या एका नळीत दडलेलं असतं. ‘अधूनमधून’ येणारा म्हणून आपण ज्याला बोल लावतो, तो दोष पक्कं वेळापत्रक पाळत असतो. ते वाचता आलं, तर एकही स्क्रू न फिरवता दोषाच्या घरापर्यंत पोचता येतं.

आपलं सेंट्रल हीटिंग

युरोपातल्या घरांत तळघरात बॉयलर असतो आणि त्याचं गरम पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरून घर ऊबदार ठेवतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची थंडी स्वेटर आणि शालीवर भागते. खोल्या तापवायची वेळ येत नाही. पण गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरची रचना पाहा: एक मोठी टाकी, तिथून घरभर फिरलेली गरम पाण्याची लाइन, आणि ऊन नसेल तेव्हासाठी टाकीत बसवलेली विजेची बॅकअप कॉइल. घराचं स्वतःचं असं उष्णताकेंद्रच ते. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानं आखलेल्या पेठांमधून फिरताना वर पाहिलं, तर गच्चीगच्चीवर या टाक्या दिसतात.

यातल्या कॉइलचा दिनक्रम गीझरपेक्षा निराळा असतो. गीझर रोज तापतो. सोलरची कॉइल ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळपास बेकार असते, कारण ऊन फुकट काम करतं. मग जूनमध्ये आभाळ भरून येतं, टाकीतलं पाणी कोमट राहतं आणि आठ महिने झोपलेली ही कॉइल भर पावसात, हवेत सर्वांत जास्त ओल असताना, एकदम कामाला जुंपली जाते. दोष पावसाळ्यातच का उगवतो, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. उरलेलं निम्मं कॉइलच्या पोटात आहे.

एक-दोन मिलिमीटरांतला चमत्कार

कॉइल म्हणजे बाहेरून दिसते ती वाकवलेली धातूची नळी. नळीच्या मधोमध केसासारख्या बारीक तारेचं गुंडाळं असतं. ही तार निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निक्रोमची. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाला १९०६ साली या मिश्रधातूंचं पेटंट मिळालं आणि विजेवर तापणाऱ्या घरगुती उपकरणांचं युग सुरू झालं. लालबुंद झालं तरी निक्रोम जळून जात नाही, कारण तापताना त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचं एक पातळ कवच तयार होतं आणि तेच त्याचं रक्षण करतं.

आता अंतर पाहा. ही तार २३० व्होल्टवर आणि शेकडो अंश तापलेली. नळीबाहेर पाणी, ज्याच्यात तुम्ही हात घालणार. दोघांमध्ये जागा जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. तेवढ्या जागेत असा पदार्थ हवा, जो उष्णतेला बिनबोभाट जाऊ देईल आणि विजेला अडवेल. निसर्गात ही जोडी सहसा जमत नाही. तांबं, ॲल्युमिनियम या धातूंमधून उष्णता झरझर जाते, पण वीजही जाते. रबर-प्लॅस्टिक विजेला अडवतं, पण उष्णतेलाही अडवतं आणि स्वतः वितळतं. अशा कोंडीत उपयोगी पडते एक साधी पांढरी भुकटी: मॅग्नेशियम ऑक्साइड. ती वितळायला २,८०० अंश सेल्सिअसच्याही वर जावं लागतं. नळीत ही भुकटी ठासून भरतात आणि मग नळी दाबून बारीक करतात, म्हणजे कणाला कण भिडतो आणि उष्णतेची वाट मोकळी होते.

या भुकटीचा एकच दोष आहे: तिला पाण्याची तहान फार. हवेतली ओलसुद्धा ती शोषून घेते. ओल आधी कणांवर नुसती चिकटते. पुढे भुकटीशी तिचा रासायनिक संयोग होऊन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतं. चिकटलेली ओल शंभर अंशांच्या वर तापवलं की निघून जाते. हायड्रॉक्साइडमध्ये बांधलं गेलेलं पाणी सोडवायला मात्र ३५० अंशांच्या आसपास जावं लागतं. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिश्चन बर्ग बॅकर या नॉर्वेजियन अभियंत्यानं अशी नळी बनवली, ती याच क्रियेचा उपयोग करून. तारेभोवती मॅग्नेशियम धातूची पट्टी गुंडाळायची, ती नळीत सरकवायची, दाबाखालच्या वाफेनं धातूचं हायड्रॉक्साइड करायचं आणि मग तापवून त्यातलं पाणी उडवून द्यायचं. नळी ज्या रसायनानं जन्माला आली, त्याच रसायनाचं चक्र उलटं फिरलं की ती बिघडते.

ओल शिरते कुठून? दोन वाटा आहेत. पहिली नळीच्या टोकांशी, जिथे तार बाहेर येऊन टर्मिनलला जोडलेली असते. तिथलं सील वर्षानुवर्षांच्या ऊनपावसानं कडक होऊन तडकतं. दुसरी वाट नळीच्या अंगावरची, आणि ती पाण्याच्या जातीवर अवलंबून असते. महापालिकेच्या नळाला येणारं पवना धरणाचं पाणी हलकं. बेसाल्ट खडकात खोल मारलेल्या बोअरचं पाणी जड. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड येऊ लागलं, आणि मोशी, चिखली, चऱ्होलीकडच्या नव्या सोसायट्यांत बोअर आणि टँकर हा रोजच्या हिशोबाचा भाग झाला. जड पाणी तापलं की त्यात विरघळलेले क्षार नळीवर थर धरतात. त्या थरामुळे उष्णता बाहेर जाईना, की नळी आतल्या आत जास्त तापते, धातू थकतो आणि केसाएवढी चीर पडते. बऱ्याच टाक्यांत गंज रोखायला एक मॅग्नेशियमचा रॉड सोडलेला असतो. टाकीच्या पत्र्याऐवजी तो स्वतः झिजतो. म्हणजे एकच मूलद्रव्य नळीच्या आत भुकटी होऊन विजेला रोखतं आणि नळीच्या बाहेर धातू होऊन गंजाला!

गेटवरची मोजदाद

ओलसर भुकटीतून थोडी वीज नळीत आणि तिथून अर्थिंगमध्ये झिरपू लागते. ही गळती इतकी लहान असते की विजेच्या बिलात ती कुणाला दिसणार नाही. पण डीबीतल्या एका खटक्याला ती दिसते.

डीबीत खटके दोन जातींचे असतात. एमसीबी पडतो तो भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. दुसरा, ज्याला आपण सवयीनं ईएलसीबी म्हणतो आणि ज्याच्यावर आता आरसीसीबी असं छापलेलं असतं, तो पडतो गळतीवर. कंपनीच्या गेटवर वॉचमन जसा शिफ्टला आत गेलेली आणि बाहेर आलेली माणसं ताडून पाहतो, तसा हा खटका फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून पाहतो. ही तुलना तो करतो निव्वळ चुंबकत्वानं. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जाणारा प्रवाह एका दिशेनं चुंबकीय क्षेत्र उभं करतो, येणारा नेमका उलट दिशेनं. दोन्ही सारखे असतील, तर कड्यात उरतं शून्य. थोडा प्रवाह वाट चुकून अर्थमध्ये गेला, की शून्य मोडतं आणि कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत वीज जागी होते. साध्या विद्युतचुंबकीय जातीच्या खटक्याला बाहेरून कसलीही वीज लागत नाही. गळतीतून जागी झालेली ती इवलीशी ऊर्जाच आतली कळ सोडवते.

याची नजर किती बारीक असावी? २ किलोवॉटची कॉइल २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. घरातला आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, म्हणजे ०.०३ अँपिअर. जवळपास २९० भागांतला एक भाग वाट चुकला, तरी त्याला कळतं आणि सेकंदाच्या तीन-दशांशाच्या आत तो वीज तोडतो. असे आकडे माणसाच्या शरीरावरून ठरले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं, की हातातली तार सोडता येणार नाही अशी वेळ किती प्रवाहाला येते. पुरुषांत हा आकडा सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास निघाला. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात हेन्री रुबिन यांनी असा संवेदनशील खटका विकसित केला, आणि १९६१ साली डाल्झिएल यांनी अमेरिकेत आपला वेगळा खटका पुढे आणला. त्यानंतर ही सुरक्षा घराघरांत शिरली.

इथे एक बारकावा आहे. ३० मिलिअँपिअरचा खटका बरोबर ३० वर पडतो असं नाही. नियम सांगतो की १५ पर्यंत त्यानं पडू नये आणि ३० ला पडलंच पाहिजे. मधल्या पट्ट्यात प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यात वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर यांच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती कायदेशीरपणे होतच असते. ती कॉइलच्या गळतीत सरळ बेरजेनं मिळत नाही, पण भर घालतेच. कॉइल एकटी असताना खटका तग धरतो. घर भरलेलं असलं की कडेलोट होतो.

बंद हीटर, तरीही गळती

आता या कोड्यातला सर्वांत चकवणारा भाग. घरातले लोक शपथेवर सांगतात, ‘हीटर बंद होता हो, आम्ही इस्त्री लावली आणि खटका पडला.’ वायरमन मग इस्त्री तपासतो. इस्त्री निर्दोष निघते. नवी इस्त्री येते, तिच्यावरही खटका पडतो.

साधा स्विच फक्त फेजची तार तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणजे हीटर बंद असला तरी त्याची कॉइल न्यूट्रलला लटकलेली असते. न्यूट्रलवर शून्य व्होल्ट असतात असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ते शून्याच्या जवळ असतात. परतीचा सगळा प्रवाह याच तारेतून ट्रान्सफॉर्मरकडे जातो, आणि तारेला स्वतःचा थोडा रोध असतो. प्रवाह वाढला की न्यूट्रल जमिनीपेक्षा एखाद-दोन व्होल्टनं वर उचललं जातं.

ओलावलेल्या कॉइलचा अर्थपर्यंतचा रोध समजा १०० ओहमवर आला आहे, आणि ही ओल न्यूट्रलच्या टोकाशी आहे. घरात दोन दिवे आणि पंखा चालू असताना न्यूट्रल ०.३ व्होल्टवर असेल, तर गळती ३ मिलिअँपिअर. कुणाला पत्ता लागत नाही. आता इस्त्री, वॉशिंग मशीन, मिक्सर एकदम सुरू झाले आणि न्यूट्रल २ व्होल्टवर गेलं, तर गळती २० मिलिअँपिअर. खटक्याचा स्वभाव हळवा असेल, तर तो पडणार. बॅटरीच्या सेलमध्ये असतात तेवढ्या व्होल्टांनी आख्ख्या घराची वीज घालवली! त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे न्यूट्रल गल्लीतल्या सगळ्यांच्या प्रवाहानं हलतं. सकाळी सात वाजता शेजारच्या चार घरांतले गीझर सुरू झाले, तर त्यांच्या भारानंही तुमचा खटका पडू शकतो.

गुरुवारचं गूढ इथे सुटतं. इतर दिवशी फर्स्ट शिफ्टवाला पहाटेच कंपनीच्या बसला गेलेला असतो, मुलं शाळेत, धुणं संध्याकाळी. गुरुवारी कामाला जाणारे घरी, आठवड्याचे कपडे मशीनमध्ये, गणवेशांची इस्त्री, आंघोळी एकामागून एक, आणि हेच शेजारीपाजारीही. कॉइल तीच, ओल तीच. फक्त न्यूट्रल उचललेलं. शुक्रवारी वायरमन येतो तेव्हा घर शांत असतं. त्याच्या टेस्टरला काही सापडत नाही, कारण टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो, गळती सांगत नाही. गळतीला बोलतं करायला मेगर लागतो. इंग्लंडच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीनं १९०३ साली नोंदवलेल्या या नावाचं यंत्र ५०० व्होल्टचा दाब देऊन इन्शुलेशनचा रोध मोजतं. निरोगी वायरिंगला तो किमान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम असावा लागतो. आपल्या कॉइलचा होता शंभर.

चाकणमधला धडा

घरात जे कोडं वाटतं, ते चाकण-भोसरीच्या शेडमध्ये रोजच्या कामाचा भाग आहे. गाड्यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग ज्या साच्यांत ओततात, त्यांच्या हॉट रनरमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक गरम ठेवणाऱ्या वाटांमध्ये, पेन्सिलीएवढे कार्ट्रिज हीटर असतात. आत तेच निक्रोम, तीच मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. दिवाळीच्या सुट्टीत मोल्ड आठवडाभर थंड पडला, की हीटर हवेतली ओल पितात. सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला थेट पूर्ण दाब दिला तर खटके पडतात, नाहीतर हीटरच जळतात. म्हणून तिथल्या तापमान-नियंत्रकांत सॉफ्ट स्टार्टची सोय असते: आधी कमी वीज देऊन हीटर शंभर अंशांच्या थोडा वर रेंगाळत ठेवायचा, ओल वाफ होऊन निघून जाऊ द्यायची आणि मगच पूर्ण तापवायचा.

प्राधिकरणातल्या वायरमनचा ‘चालू झालं बघा’ हा अनुभव नकळत याच तत्त्वावर उभा आहे. बाकीची उपकरणं बंद असल्यानं खटका तग धरतो, कॉइल तासभर तापते, टोकाची ओल उडते आणि दुखणं आठवडाभर लांबतं. पण सील फुटलेलंच असतं. पुढच्या पावसात भुकटी पुन्हा पाणी पिते, आणि जे पाणी हायड्रॉक्साइड होऊन बसलं ते टाकीतल्या साठ अंशांच्या पाण्यानं सुटत नाही. म्हणून दरवर्षी गळती थोडी वाढलेली असते. नळीलाच चीर असेल तर वाळवून काहीच साधत नाही. ती टाकीच्या पाण्यातच बुडालेली असते.

वेळापत्रक वाचताना

आता हे सगळं उलट्या बाजूनं वापरता येतं. खटका पडला की आधी पाहायचं, कोणता पडला. एमसीबी असेल तर गोष्ट वेगळी. आरसीसीबी असेल तर वेळ, हवा आणि त्या क्षणी चालू असलेल्या वस्तू कागदावर टिपायच्या. कॉइलचं बटण दाबताक्षणी पडतो: ओल किंवा चीर फेजच्या बाजूला. दहा-पंधरा मिनिटं तापल्यावर पडतो: तापून चीर उघडते आहे. फक्त पाऊस पडताना पडतो: गच्चीवरचा टर्मिनल बॉक्स किंवा टेप गुंडाळलेला जोड. कॉइल बंद असताना, दुसरीच वस्तू लावल्यावर पडतो: न्यूट्रलच्या बाजूची गळती, आणि ती कॉइलचीच असेल असं नाही, घरातल्या कुठल्याही उपकरणाची असू शकते. ते शोधायला एकेका उपकरणाचा प्लग पूर्ण काढून ठेवायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. कॉइल थेट वायरिंगला जोडलेली असेल, तर तिच्यासाठी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच असावा. तो बंद केल्यावर गुरुवार निर्विघ्न गेला, तर गुन्हेगार सापडला. पुढचं काम मेगर असलेल्या परवानाधारक वायरमनचं: मोजायचं आणि कॉइल बदलायची.

एक इलाज मात्र कुणी सुचवला तरी नाकारायचा. कटकट नको म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणं, किंवा ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवणं. त्यानं खटका पडायचा थांबतो, गळती थांबत नाही. आणि एखाद्या दिवशी अर्थिंगची तार गंजून तुटली, तर त्या गळतीला जमिनीकडे जायला एकच वाट उरते: ओल्या अंगानं नळ सोडणारा माणूस. मोठ्या आकड्यांचे खटके आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी नाहीत.

आरसीसीबीच्या तोंडावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. बहुतेक घरांत ते बसवल्या दिवसापासून कुणी दाबलेलं नसतं. ते दाबलं की आतल्या एका रोधातून थोडा प्रवाह मुद्दाम कड्याला वळसा घालून जातो. ही खोटी गळती. खटका ताबडतोब पडला, तर कडं, तिसरी तार आणि कळ तिघंही जागी आहेत. नाही पडला, तर इतकी वर्षं तुमच्या डीबीत एक शोभेची वस्तू लावलेली होती आणि ती आज बदलायला हवी. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं. काम पाच सेकंदांचं. घड्याळं पुन्हा लावावी लागतील, एवढीच काय ती तसदी.